अर्धपोटी ठेवलेली गाडी

आयुष्यभर मी बंद पडलेल्या गाड्या वाहिल्या. घाटात ज्याची गाडी बसते तो आधी देवाचा धावा करतो, मग घरी फोन लावतो आणि दोन्हीकडून काही होत नाही म्हटल्यावर मला बोलावतो. माझ्या ट्रकला मागे हौदा नाही, नुसता सपाट पाटा आहे. तो मागे सरकून कलता होतो, त्याचं टोक जमिनीला टेकतं, मग लोखंडी दोराने गाडी हळूहळू वर ओढून घ्यायची, चाकांना पट्टे आवळायचे आणि निघायचं. शहरातले लोक ह्याला टोइंग म्हणतात, आमच्या खालापुरात क्रेन म्हणतात. आमच्या मंडळींनी दोन्ही नावं मोडीत काढली आहेत. मी चावी उचलली की स्वयंपाकघरातून विचारणा होते, "आज कुणाचं मढं?"

त्यामुळे ठाण्याच्या एका डॉक्टरांचा पहिल्यांदा फोन आला तेव्हा मला काही उमजेना. गाडी कुठे बंद पडलीय असं विचारलं, तर म्हणाले बंद नाही, उत्तम चालते. मग ट्रक कशाला? तर म्हणाले, उत्तम चालते म्हणूनच. मी फोन कानापासून लांब धरून नंबर पुन्हा एकदा बघितला. आमच्या धंद्यात थट्टा करणारे फोनही बरेच येतात.

प्रकरण असं होतं. चौक गावाच्या अलीकडे माळावर एका मोठ्या वसाहतीचं काम अर्धवट थांबलेलं आहे. इमारती झाल्याच नाहीत, पण मधला रस्ता तेवढा झाला, रुंद, काँक्रीटचा आणि आखून काढल्यासारखा सरळ. पाऊसकाळ संपला की त्या रस्त्यावर गाड्यांच्या शर्यती भरतात. ड्रॅग रेस म्हणतात. वळण नाही, चढ नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, मधल्या खांबावरचा हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि जेमतेम चारशे मीटरवरची रेघ आधी गाठायची. मुंबईच्या माणसाला ह्यात काय मजा आहे हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडच्या माणसाला नाही, कारण आम्ही लहानपणापासून बैलगाडीची शर्यत बघत आलोय, आणि तीही अशीच सरळ असते आणि विडी पेटेपर्यंत संपते.

पेट्रोलच्या गाड्या तिथे आपल्या पायांनी येतात. इलेक्ट्रिक गाड्या माझ्या ट्रकवरून येतात, आणि त्याला कारण आहे. माळावर चार्जिंगची सोय नाही. बॅटरी जेवढी भरलेली, तेवढा गाडीचा जोर जास्त, आणि ती उतरत गेली की जोरही उतरत जातो. ठाण्याहून चालवत आणली तर शर्यतीला उभी राहीपर्यंत तिच्यातला निम्मा दम गेलेला असतो, शिवाय परत जायची पंचाईत. म्हणून तिला भरून घ्यायची आणि नवरीसारखी बसवून आणायची. मढी वाहणाऱ्या माणसाला उतारवयात वरातीचं काम मिळालं, असं मी घरी सांगितलं. घरून उत्तर आलं की वरातीत तरी निदान आंघोळ करून जा.

ह्या गाड्यांची उचलही निराळी असते. साध्या गाडीला पुढून उचलून मागच्या चाकांवर ओढत नेलं तरी एक वेळ चालतं. इलेक्ट्रिक गाडीचं चाक फिरलं की आतली मोटारही फिरते आणि वीज तयार करायला लागते. मोहोपाड्याच्या एका गृहस्थांनी माझं भाडं वाचवायला टेंपोला दोर बांधून आपली गाडी घरापर्यंत ओढत नेली होती. घर आलं तेव्हा गाडीतून धूर येत होता. नंतर मलाच बोलावलं, आणि जाताना चहाही दिला नाही. ह्या गाड्या जडही फार, पोटाखाली सगळी बॅटरी, आणि पोट जमिनीला लागेल इतकं खाली. चढवताना चाकाखाली लाकडी फळ्या द्याव्या लागतात. मी फणसाच्या फळ्या वापरतो. गिऱ्हाइकाला वाटतं ही काही खास परदेशी युक्ती आहे.

डॉक्टरांच्या तऱ्हा तर विचारू नका. दातांचे डॉक्टर, बोलायला मऊ, पण गाडीच्या बाबतीत सासूच्या वरताण. चालकाच्या जागी बसायच्या आधी त्यांनी मला बुटांवर मोजे चढवायला लावले. बुटांच्या आत नव्हे, बुटांवर. प्रवासात ते माझ्या शेजारी केबिनमध्ये बसायचे आणि मागे पाट्यावर बांधलेल्या गाडीच्या कॅमेऱ्यातून मागचाच रस्ता फोनवर बघत राहायचे. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी "सावकाश" म्हणायचे. मी सावकाशच असायचो. पण माणूस आपल्या गाडीवर इतका जीव लावतो ह्याचं मला कौतुकच वाटायचं, कारण माझ्या नशिबी जन्मभर आपल्या गाडीला शिव्या देणारीच माणसं आली होती.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांच्या गाडीबरोबर मी आणखी एक गाडी नेली. ही हकिकत तिची आहे.

कर्जतला तुकाराम मिस्त्रींचं गॅरेज आहे. माझी त्यांची दोस्ती माझ्या ट्रकाइतकीच जुनी. घाटात रेडिएटर उकळायचे दिवस होते तेव्हा मी गाडी उचलायचो आणि थेट त्यांच्या दारात नेऊन टाकायचो. उन्हाळ्यात गॅरेजपुढे रांग लागायची. मिस्त्री इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभे असायचे आणि न बघताच मला चहा सांगायचे. आता गाड्या तापत नाहीत. नव्या गाड्या कंपनीच्या कारखान्यात जातात आणि माझा ट्रक हल्ली मिस्त्रींच्या दारावरून रिकामा पुढे जातो. जाताना मी हॉर्न वाजवतो, ते हात करतात. मला ते बरं वाटत नाही, पण इलाज नाही.

त्यांची मुलगी नीलिमा. ती मोहोपाड्याच्या एका कारखान्यात विजेची देखभाल बघते आणि शेलूला भाड्याच्या खोलीत राहते. लहान होती तेव्हा गॅरेजमध्ये पाने हातात द्यायला हीच असायची. तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. जुन्या गाड्यांची, टेंपोंची, रिक्षांची इंजिनं काढून त्यात मोटर आणि बॅटरी बसवायची, आणि बापाच्या गॅरेजमध्येच हे काम सुरू करायचं. मिस्त्रींनी साफ नाही म्हटलं. एवढंच नाही, तर तसली गाडी गॅरेजमध्ये आणायचीसुद्धा नाही, असं बजावलं. मग तिने शेलूला खोलीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी लहान गाडी घेऊन सुट्टीसुट्टीला काम केलं आणि उभी केली. रस्त्यावर चालवायचा परवाना अजून व्हायचा होता, त्यामुळे शर्यतीला न्यायची तर ट्रकवरूनच.

शर्यत जिंकायची हौस तिला नव्हती. ती मला म्हणाली होती की बाबांनी एकदा बघावं, एवढंच. कारण मिस्त्रींनी गॅरेजचा गाळा एका औषधवाल्याला द्यायचं कबूल केलं होतं आणि शर्यतीनंतरच्या सोमवारी चावी द्यायची होती. रविवारी येऊन गाडी बघेन, असं मात्र त्यांनी पोरीला म्हटलं होतं. तिच्या हातात काय होतं ते तेवढंच, एक रविवार.

आता गाड्या भरायच्या कुठे, हा प्रश्न होता. डॉक्टरांच्या ठाण्याच्या इमारतीत चार्जर बसवू देत नव्हते, म्हणून त्यांनी कर्जतला ओळखीच्यांच्या फार्महाऊसवर एकदा प्रयत्न करून पाहिला होता, तर पाहुण्यांचे गीझर आणि पंखे एकदम बंद पडले होते. मी म्हटलं, माझ्या मेहुण्याची भाताची गिरण आहे. गिरणीला थ्री फेज जोडणी असते, जाड तार असते. कर्जत-चौक रस्त्याला लागूनच गाव आहे. शनिवारी दोन्ही गाड्या तिथे भरू आणि रविवारी सकाळी माळावर नेऊ.

माझा मेहुणा हरी म्हणजे एक वल्ली आहे. गिरण चालवतो, शेती करतो आणि शर्यतीचे बैल पाळतो. खरं म्हणजे बैल पाळतो आणि उरलेल्या वेळात बाकीचं करतो. नीलिमावर त्याचा फार जीव. गिरणीवर काळं डिझेल इंजिन होतं त्या काळात मिस्त्री ते दुरुस्त करायला यायचे, बरोबर ही फ्रॉकातली पोर असायची, आणि हरी तिला बैलावर बसवून अंगणभर फिरवायचा. तेव्हापासून ती त्याला मामा म्हणते.

शनिवारी दुपारी मी आधी डॉक्टरांची गाडी गिरणीत उतरवली, मग शेलूहून नीलिमाची आणली. भाताच्या पोत्यांमध्ये त्या दोन गाड्या तारा जोडून उभ्या होत्या आणि भात भरडायला आलेल्या बायका कोंडा झटकत त्यांच्याकडे बघत होत्या. डॉक्टरांची गाडी पांढरी, चकचकीत. नीलिमाच्या गाडीवर अजून रंगसुद्धा धड नव्हता. डॉक्टरांनी कोंडा उडतो म्हणून गाडीवर चादर घातली आणि ते मुक्कामाला गेले. त्यांची गाडी किती भरली हे त्यांना फोनवर दिसत होतं. नीलिमाच्या गाडीत तसलं काही नव्हतं. तिला कारखान्यात रात्रपाळी होती. निघताना तिने हरीला चार्जरवरचा दिवा दाखवून सांगितलं की मामा, हा हिरवा होईपर्यंत पिन काढू नका. हरीने मान हलवली. मी तिथेच होतो. मान अगदी नीट हलवली होती.

रविवारी सकाळी मी आधी डॉक्टरांची गाडी माळावर पोचवली आणि दुसऱ्या खेपेला नीलिमाची घेतली. गिरणीच्या फाट्यावर मिस्त्री उभे होते. धुतलेला शर्ट, पायात सणाला घालायच्या चपला. ते केबिनमध्ये चढले, हरी त्यांच्या शेजारी बसला. मागे पाट्यावर पोरीची गाडी. मिस्त्रींनी एकदाही वळून मागे पाहिलं नाही.

वाटेत मीच विषय काढला की गाळा देताय ते पक्कं का. मिस्त्री समोर बघत म्हणाले, "सदा, पोर हुशार हाय, मला काय दिसत नाय का? पण त्या गाडीत बॅटरी हाय ती उघडायची नाय. मोटर हाय ती बंद डब्यात. ह्या दोन हातांना त्यात काय काम? तिचं गॅरेज चालंल, आन मी स्टुलावर बसून गाड्या पुसत बसू?"

माझा धंदा निदान बदलला, त्यांचा संपत चालला होता, आणि तोही पोटच्या पोरीच्या हातून. हरीने मान खाली घातली. पुढे माळाच्या फाट्यावर वळलो तेव्हा मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढून हात पुसले. हात स्वच्छच होते.

माळावर जत्रा भरली होती. भेळेची गाडी, उसाचा रस, सगळं. पेट्रोलच्या गाड्यांचा आवाज असा की छातीत धडकी भरावी. नीलिमा कारखान्यातून परस्पर आली होती. मी पट्टे सोडले, गाडी खाली घेतली, तिने चावी फिरवली आणि तिचा चेहरा उतरला. बॅटरीचा काटा निम्म्यावर होता. तिने बंद करून पुन्हा चालू केलं. काटा तिथेच. तेवढ्यात माईकवरून तिच्या गाडीचा नंबर पुकारला आणि विचार करायला वेळच राहिला नाही.

पहिल्या फेरीत तिच्या शेजारी मोहोपाड्याच्याच एका पोराची पेट्रोलची गाडी होती. हिरवा दिवा लागला. ती गाडी गर्जना करत गेली आणि नीलिमाची तिच्यामागे लग्नाला उशीर झालेल्या पाहुण्यासारखी गेली. अंतर इतकं पडलं की लोक पुढची जोडी बघायला लागले. मिस्त्री दोरीपाशी हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी मला विचारलं, "झालं?" मी म्हटलं, दुपारी आणखी एक फेरी असते. ते म्हणाले, त्यांनी बघितलं तेवढं पुरे, आणि कर्जतला जायला वाहन मिळेल का म्हणून रस्त्याकडे बघायला लागले.

नीलिमा गाडी घेऊन परत आली ती रडवेली. रात्रभर चार्जर चालला की मध्ये लाईट गेली, एवढंच ती विचारत होती. लाईट गेली नव्हती. मी हरीकडे पाहिलं. हरीच्या तोंडावर अपराध वगैरे काही नव्हता. उलट, आपण केलं ते कुणी विचारतंय ह्याचं समाधानच होतं. त्याने सांगितलं की दिवेलागणीलाच त्याने तिची पिन काढली होती.

"अगं पोरी, शर्यतीच्या आदल्या दिशी बैलाला कुणी पोटभर घालतो का?" हरी म्हणाला. "भरल्या पोटी जनावर जड व्हतं. आपली गाडी हलकी ऱ्हावी म्हून अर्ध्यावरच सोडली मी. आन डॉक्टरच्या गाडीला पाक गळ्यापत्तोर खाऊ घातलं."

नीलिमा गाडीच्या दारावर कपाळ टेकून उभी राहिली. तिची पाठ हलत होती, रडत होती की हसत होती ते मला कळेना, मला वाटतं दोन्ही. मग तिने हरीला हळूच सांगितलं की मामा, विजेला वजन नसतं. भरली तरी गाडी तेवढीच, रिकामी झाली तरी तेवढीच, फक्त भरलेली असली की जोर असतो. हरीला हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मात्र त्याचा चेहरा मला बघवेना. सगळं आयुष्य ज्याच्यावर घालवलं ती विद्या त्याने आपल्या लाडक्या पोरीसाठी खर्च केली होती, आणि त्या विद्येनेच पोरीचा घात केला होता.

मी घड्याळ पाहिलं. गाडी पुन्हा पाट्यावर चढवून गिरणीत न्यायची, भरायची, परत आणायची, तर दुपारची फेरी होऊन माणसं घरी गेली असती. शर्यतवाल्यांकडे जनरेटर होता, पण तो माईकचा आणि दिव्यांचा, त्यावर काही जोडू देणार नाही म्हणाले. मिस्त्री रस्त्याच्या कडेला एका टेंपोवाल्याशी बोलत होते. टेंपो भरलेला होता म्हणून ते थांबले, नाहीतर गेलेच असते.

तिकडे डॉक्टर आपल्या गाडीशेजारी घडीच्या खुर्चीवर छत्री धरून बसले होते. त्यांचीही सकाळ वाईट गेली होती. हिरवा दिवा लागायच्या आधीच त्यांची गाडी हलली होती, आणि नियम असा की जो आधी हलला तो बाद, त्याला दुपारची फेरी नाही. एवढी मोजे घालून जपलेली गाडी, आणि उतावीळपणाने घात झाला. कुणी त्यांच्याजवळ जात नव्हतं. हरी गेला. मी त्याला थांबवायला मागून धावलो, पण तो बोलून मोकळा झाला होता. त्याने डॉक्टरांना सांगून टाकलं की तुमची गाडी मी मुद्दाम गळ्यापर्यंत भरली, ती जड होऊन मागे पडावी म्हणून, आणि आमच्या पोरीची अर्धपोटी ठेवली. चूक माझी आहे, तुम्ही काय म्हणाल ते ऐकून घेतो.

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता पोलिसांना बोलावतात. मग त्यांच्या पोटातून कसलासा आवाज आला. ते हसत होते. त्यांना हसताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. डोळे पुसून ते म्हणाले, "जास्त झालंय ना? मग काढून घ्या की."

आम्हाला कळेना. तेव्हा त्यांनी उठून गाडीचं एक झाकण उघडून दाखवलं. नव्या गाड्यांत अशी सोय असते, गाडीतून वीज बाहेर घेता येते, त्यावर पंखा चालतो, शेगडी चालते, आणि दुसरी गाडीही भरता येते. नीलिमाला ते ठाऊक होतं, पण एवढ्या जपणाऱ्या माणसाला मागायचं कसं म्हणून ती गप्प बसली होती. मी डॉक्टरांना विचारलं की तुमची गाडी उतरली तर? ते म्हणाले, उतरली तर उतरली, घरी मी कुठे चालवत नेणार आहे, तुमचा ट्रक आहेच की. त्या दिवसापासून ह्या माणसासाठी मी बुटांवर मोजे अगदी आनंदाने घालतो.

दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या आणि मध्ये तार जोडली. हरी तारेपाशी उकिडवा बसला, कुणाचा पाय लागू नये म्हणून. थोड्या वेळाने बघतो तर त्याच्या मागे मिस्त्री येऊन उभे. तो टेंपो गेला होता आणि मिस्त्री गेले नव्हते. ते हरीवर बरसतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी पोरीला एवढंच विचारलं की ह्या गाडीतली वीज त्या गाडीत जाते ती मोजायची कशी. तिने मीटर दाखवला. पुन्हा काही विचारलं, तिने सांगितलं. मी बाजूला झालो आणि सगळ्यांना रस आणायला गेलो. परत आलो तरी ते दोघं मीटरवर वाकलेलेच होते. मिस्त्रींनी न बघताच माझ्या हातातून पेला घेतला.

दुपारी नंबर पुकारला तोवर काटा बराच वर आला होता, पुरता नाही. शेजारी पुन्हा तोच मोहोपाड्याचा पोरगा. मिस्त्री ह्या वेळी दोरीपाशी थांबले नाहीत. रस्त्याच्या कडेने चालत अर्ध्या वाटेवर जाऊन उभे राहिले. हरीने डोळे मिटून घेतले होते, मला म्हणाला, "दाजी, तू बघ आन मला सांग."

मी सांगितलं. हिरवा दिवा लागला आणि पेट्रोलच्या गाडीने गर्जना करायच्या आत आमची पोर सुटली होती. सुटताना इलेक्ट्रिकला कुणी धरू शकत नाही. बघता बघता ती दोन गाड्यांच्या अंतराने पुढे, अर्ध्या रस्त्यापर्यंत पुढेच, आणि तिच्या गाडीचा आवाज म्हणाल तर फक्त चाकांचा. मग शेवटाला पेट्रोलच्या गाडीने दम धरला, जवळ आली, बरोबरीला आली, आणि रेघेवर नाकभर पुढे गेली. हरीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हरलो. आणि माझ्या लक्षात आलं की मी टाळ्या वाजवतोय. सगळा माळच वाजवत होता. डॉक्टर छत्री मिटून नाचवत होते.

नीलिमा गाडी वळवून हळूहळू परत आली. उतरली, वडिलांकडे पाहिलं. मिस्त्री सरळ गाडीच्या पुढच्या चाकापाशी गेले, सणाच्या चपला बाजूला काढल्या आणि जमिनीवर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सदा, जॅक."

मी जॅक दिला. त्यांनी चाक उचललं, दोन्ही हातांनी धरून हलवलं, फिरवलं, कान जवळ नेला, पुन्हा फिरवलं. मला काही ऐकू आलं नाही. नीलिमा ओठ घट्ट मिटून उभी होती. सकाळपासून एवढं सगळं झालं, पण तिची खरी परीक्षा आत्ता चालली होती आणि ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"बेरिंग वाजतंय," मिस्त्री म्हणाले. "चाक धरतंय. नायतर शेवटाला मागं पडली नसती ती." मग हात झटकत, जरा नवलानेच म्हणाले, "इंजिन असतं ना, तर मला हे ऐकू आलंच नसतं."

चाक खरंच इतकं धरत होतं का, की त्याचमुळे शर्यत गेली? मला शंका आहे. गाड्या मी नुसत्या वाहतो, पण शेवटी दम धरणारी पेट्रोलची गाडी मीही पाहिली होती. पोरीलाही ते ठाऊक असणार. तिने एवढंच म्हटलं, "हो बाबा."

ऊन कलल्यावर आम्ही आवरायला घेतलं. डॉक्टर म्हणाले, आधी पोरीची गाडी न्या, मी थांबतो, आणि ते हरीबरोबर बैलांच्या गोष्टी करत बसले. मी फणसाच्या फळ्या लावल्या, दोर जोडला, गाडी वर ओढून घेतली, पट्टे आवळले. मिस्त्रींनी एकेक पट्टा ओढून पाहिला. एवढ्या वर्षांत त्यांनी माझा पट्टा कधी तपासला नव्हता. मग आम्ही तिघं केबिनमध्ये बसलो, नीलिमा मध्ये. माझ्या धंद्यात गाडी चालू करायच्या आधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारावाच लागतो. मी नीलिमाला विचारला, "कुठे उतरवू गं?"

तिने शेलू म्हणायला तोंड उघडलं होतं.

"गॅरेजला," मिस्त्री म्हणाले.

ती वडिलांकडे बघत राहिली. मी चावी फिरवली. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "त्या औषधवाल्याला सांगतो मी उद्या. आन तू कर्जतच्या नाक्यावर थांब जरा, सदा. बेरिंगचं दुकान उघडं असंल."